आमचा कुठला विमा!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी महाराष्ट्रात २०१९ साली झाली. घरोघर जाऊन विचारायच्या असंख्य प्रश्नांमध्ये एक प्रश्न असा होता, की घरातल्या कुणाला आरोग्य विम्याचे किंवा आरोग्य योजनेचे संरक्षण आहे काय? महाराष्ट्रातल्या शंभर घरांपैकी जेमतेम वीस घरांनी ‘आहे’ असे सांगितले. देशाची सरासरी ४१ होती. राजस्थानात तर शंभरातली ८८ घरे ‘आहे’ म्हणाली.

गंमत पुढेच आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेले प्रत्येक कुटुंब महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपोआप बसत होते. वेगळा अर्ज नव्हता, हप्ता नव्हता. अशी कुटुंबे दोन कोटींहून अधिक होती. म्हणजे विमा घरात होता, कपाटात शिधापत्रिकेच्या रूपाने पडून होता, आणि घर म्हणत होते, आमचा कुठला विमा!

याला अज्ञान म्हणून मोकळे होता येते. बरेच लोक तसे म्हणतातही. मला ते पटत नाही. आपल्या लोकांनी इस्पितळ आणि विमा या दोन गोष्टींकडे गेल्या सव्वाशे वर्षांत कसे पाहिले, याची एक हकिकत आहे, आणि ती आमच्या नाशिक जिल्ह्यात बसून फार चांगली दिसते.

आधी शब्दापासून सुरुवात करू. मी कवी माणूस, शब्द दिसला की तो उलटून पाहण्याची खोड आहे. ‘विमा’ हा शब्द फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी ‘बीम’, म्हणजे भीती, हा शब्द आहे असे सांगतात. उर्दू शायरीत ‘बीम-ओ-रजा’ अशी जोडी येते, भीती आणि आशा. विम्याची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. ही कल्पना इंग्रजांनी आणली असेही कुणी समजू नये. १६९५ साली सुजान राय भंडारी या पंजाबातल्या लेखकाने ‘खुलासतुत्-तवारीख’ लिहिली. त्यात सराफ लोक ठरावीक रक्कम घेऊन व्यापाऱ्याचा माल वाटेतल्या धोक्यांसह सुखरूप पोहोचवण्याची हमी घेतात, असे वर्णन आहे. तेव्हा विमा मालाचा होता, माणसाचा नव्हता. माणसाचा विमा पुढे इंग्रज कंपन्यांनी आणला, तोही असा, की हिंदी माणसाच्या आयुष्यासाठी जादा हप्ता घ्यायचा. १८७० साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअलने पहिल्यांदा आपल्या माणसांचा विमा नेहमीच्या दराने उतरवला.

पण हा झाला मरणाचा विमा. आजाराच्या विम्याची गोष्ट वेगळी. आजाराचा विमा म्हणजे शेवटी इस्पितळाच्या दाराची किल्ली. त्या दारातून आत जायचीच इच्छा नसेल, तर किल्ली घेऊन काय करायचे? आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडे नेमके हेच झाले होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग जाहीर झाला. महिनाभरातच, २९ ऑक्टोबरला, हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. लोकांच्या मनात पक्के बसले होते, की तिथे नेलेला परत येत नाही. पुढे १८९७ चा साथरोग कायदा आला. घरात शिरून तपासणी, रोग्याला उचलून नेणे, नातेवाइकांना छावणीत ठेवणे, सामान जाळणे हे सगळे कायदेशीर झाले. पुण्यात रँडचे काय झाले हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मुंबईतली ९ मार्च १८९८ ची दंगल मात्र फारशी कुणाला आठवत नाही. मदनपुरा आणि रिपन रोडच्या भागात जुलाह्यांची, म्हणजे मुसलमान विणकरांची वस्ती होती. तिथे एका मुलीला न्यायला तपासणी पथक आले, घरच्यांनी नकार दिला, आणि पाहता पाहता दंगल उसळली. हेच विणकर, १८५७ नंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तरेकडून आलेले, मुंबईत जसे होते तसेच आग्रा रोडवर आमच्या मालेगावात होते. माझे आजोळ त्यांच्यातलेच. आजोळच्या बोलण्यात ‘हस्पताल’ हा शब्द आला की आवाज खाली यायचा, तो मला वाटते तिथपासूनचा.

नाशिक जिल्हाही सुटला नव्हता. १८९९ साली भगूरला दामोदरपंत सावरकर प्लेगनेच गेले.

पण याच काळातली दुसरी बाजू सांगितली पाहिजे. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. लोकांचा तरी विश्वास बसेना. तेव्हा तिसरे आगा खान ऐन विशीत होते. त्यांनी आपल्या खोजा अनुयायांसमोर, सर्वांना दिसेल असे, लस टोचून घेतली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मुंबईतला आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी दिला. त्यानंतर हजारो खोजांनी लस घेतली. सरकारनेही धोरण सैल केले, आणि निरनिराळ्या जमातींना स्वतःची प्लेग इस्पितळे काढू दिली. तीच लस, तोच आजार, खाटाही तशाच लोखंडी. बदलली होती ती खाटेशेजारी उभी असलेली माणसे. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रोग्यांची सेवा करत होते, तिथेही लोक आले. त्या सेवेतच सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

इस्पितळाची भीती हळूहळू ओसरली, पण विम्याची गोष्ट सुरू व्हायला अजून पन्नास वर्षे लागली. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्येच कामगारांचा आजार विमा कायद्याने आणला होता. आपल्याकडे रॉयल कमिशन, कामगार परिषदा, समित्या असे बरेच दळण दळले गेले. अखेर १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे हे काम सोपवले गेले. व्हाइसरॉयच्या मंडळात तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आडारकरांनी १९४४ मध्ये अहवाल दिला, त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा निघाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. महाराष्ट्रातल्या शहरांना ती पुढे टप्प्याटप्प्याने लागू झाली. सुरुवातीला दवापाणी फक्त कामगारालाच मिळे. बायकामुलांना १९५८ पासून मिळू लागले.

या ‘ईएसआय’बद्दल लोकांचे मत काय होते? तोंडाने विचाराल तर वाईट. पगारातून पैसे कापतात, रांगा लागतात, बाटली घरून न्यायची आणि सगळ्या आजारांवर एकच लाल औषध. हे गाऱ्हाणे मुंबईच्या गिरणगावापासून सगळीकडे चालत आले. पण लोक वापर कसा करत होते हे पाहिले, तर चित्र वेगळे दिसते. औषधापेक्षा कामगाराला डॉक्टरचे सर्टिफिकेट महत्त्वाचे होते. कारण त्या कागदावर आजारपणातल्या रजेचा निम्म्याच्या आसपास पगार मिळे. त्याआधी तापाने फणफणलेला माणूस कामावर जाई, कारण खाडा म्हणजे चूल बंद. त्या कागदामुळे गरीब माणसाला आजारी पडून घरी झोपण्याची मुभा पहिल्यांदा मिळाली. यात खोटे सर्टिफिकेट घेणारेही होते, नाही असे नाही. पण आजारी असताना विश्रांती घेणे हा औषधोपचाराचा भाग आहे, हे आमच्या वस्त्यांना डॉक्टरांच्या व्याख्यानांनी शिकवले नाही, ईएसआयच्या कागदाने शिकवले.

माझे अब्बा सातपूरच्या एका कारखान्यात होते. मी शाळेत असताना त्यांच्या उजव्या हाताचे एक बोट प्रेस मशीनखाली गेले. सातपूरच्या कामगारांत असे हात तेव्हा इतके होते, की त्यांची बोटे मोजायला कुणी थांबत नसे. मेडिकल बोर्डासमोर हात ठेवायचा, ते कमाईची ताकद किती टक्क्यांनी घटली ते ठरवणार, आणि त्या टक्क्यांप्रमाणे जन्मभर दरमहा रक्कम. अब्बांना ती मिळू लागली. रक्कम लहानच. पण शेजारच्या कुणी ‘सरकारची मेहरबानी’ असे म्हटले, की अब्बा चवताळून उठत. ‘मेहरबानी कसली? पगारातून कापलंय. स्लिपवर छापलेलं आहे.’ पगाराच्या त्या स्लिपा त्यांनी अजून जपून ठेवल्या आहेत. कापल्याचा राग आणि कापल्याचा अभिमान, दोन्ही एकाच माणसात मी पाहिले.

या योजनेला पगाराची मर्यादा असते. सुरुवातीला ती ४०० रुपये होती, १९९२ मध्ये ३,००० झाली, २०१७ मध्ये २१,०००. पगारवाढीचा करार झाला आणि मर्यादा ओलांडली गेली, की कामगार पेढेही वाटी आणि कार्ड जाणार म्हणून हळहळेही.

नाशकात तर आजारपणावरून माणसांचे वर्गच पडले होते. नाशिकरोडचे प्रेसवाले, नोटा आणि मुद्रांक छापणारे, ओझरचे एचएएलवाले, सातपूरचे मायकोवाले. यांच्या दवाखान्याची सोय त्यांच्या नोकरीतच होती. ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ असे सांगितले, की मुलीचा बाप पगार विचारण्याआधी अर्धा तयार होई. सासूच्या ऑपरेशनसाठी मुलीचे दागिने मोडावे लागणार नाहीत, हा हिशेब त्यात होताच. या वर्गांच्या खाली द्राक्षबागेतले मजूर, भद्रकालीतले हातगाडीवाले, मालेगावचे मागवाले. कायद्यात मुळात विजेवर चालणारा आणि वीस किंवा अधिक माणसे असलेला कारखाना धरला होता. मालेगावची यंत्रमागांची शेड चार मागांची, आठ मागांची. कायद्याच्या चाळणीतून ती अलगद खाली पडली. कापूस छातीत जाऊन खोकणारा विणकर कामगार विम्याच्या बाहेरच राहिला.

मग हे लोक काय करत होते? काहीच करत नव्हते असे समजणे चूक आहे. भिशी होती. मोहल्ल्याची मय्यत कमिटी होती. बिरादरीतला कुणी इस्पितळात पडला की मगरिबच्या नमाजनंतर रुमाल पसरला जाई. रमजानातली जकात बऱ्याचदा कुणाच्या तरी ऑपरेशनला जाई. विमा म्हणजे आणखी काय असते? अनेकांनी थोडे थोडे टाकायचे आणि ज्याच्यावर वेळ आली त्याने उचलायचे. फरक इतकाच, की रुमाल लहान होता आणि बायपास मोठी.

इथे धर्माचा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही. विमा हराम आहे, त्यात व्याज आहे, अनिश्चित गोष्टीचा सौदा आहे, असे आमच्यात मानणारे आहेत. १९८५ साली जेद्दाच्या फिकह अकादमीने व्यापारी विम्याविरुद्ध मत दिले, पण परस्पर सहकार्याच्या विम्याला मान्यता दिली. त्या तत्त्वावरच्या ‘तकाफुल’ कंपन्या सुदानमध्ये १९७९ पासून आहेत, मलेशियात १९८४ चा कायदाच आहे. म्हणजे वाद आहे आणि त्याला उत्तरेही आहेत. पण मी आजवर पाहिले ते असे, की विमा नको म्हणणाऱ्या माणसाकडे स्कूटरचा विमा असतो, कारण तो सक्तीचा आहे. आरोग्य विमा न घेण्याचे खरे कारण बहुधा हप्ता हेच असते, मसला नंतर आठवतो. आमच्या हिंदू शेजाऱ्यांकडे हेच काम ‘शुभ बोल नाऱ्या’ करतो. एजंट सोफ्यावर बसून हार्ट अटॅकचे दर सांगू लागला, की आतून चहाऐवजी हा निरोप येतो.

मध्यमवर्गासाठी सरकारी विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम आणला. आधी बिल आपण भरायचे, मग कागद जोडून पैसे मागायचे. या शतकाच्या सुरुवातीला ‘कॅशलेस’ आले आणि इस्पितळाच्या काउंटरवर नवा प्रश्न आला, ‘मेडिक्लेम आहे का?’ दुखते कुठे, हा प्रश्न त्यानंतर. हो म्हटले तर खोली वेगळी आणि बिलही वेगळे, हा अनुभव इतक्यांनी सांगितला आहे की त्याला आता गुपित म्हणता येणार नाही. पेशंटही काही कमी नाही. पॉलिसीला चोवीस तास दाखल असल्याची अट, म्हणून घरी बरा होणारा ताप ‘डॉक्टर, ॲडमिटच करून घ्या’ म्हणत सलाइनवर जाऊ लागला. आणि वर्षभर कुणी आजारी पडले नाही, तर ‘हप्ता फुकट गेला’ अशी हळहळ! दिवाळीत घराला आग लागली नाही म्हणून कुणी हळहळल्याचे ऐकिवात नाही. या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. व्यक्तिगत पॉलिसीवरून तो २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला, हे बरे झाले.

आता पुन्हा शिधापत्रिकेकडे येऊ. गरिबांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी राज्यात १९९७ पासून एक जीवनदायी योजना होती, पण तिच्या कागदपत्रांतून पार होईपर्यंत रोगी टिकला पाहिजे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. वर्षाला दीड लाखापर्यंतचा खर्च, ९७२ प्रकारचे उपचार आणि इस्पितळातच टेबल टाकून बसलेला ‘आरोग्यमित्र’. त्या आठांत धुळे होते, नाशिक नव्हते. मालेगाव ते धुळे पन्नास किलोमीटर. एका अंगणातल्या दोन सोयऱ्यांपैकी एकाला कार्ड लागू, दुसऱ्याला नाही, असे सव्वा वर्ष चालले. नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना सगळ्या राज्यात आली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले.

२०१५ च्या उन्हाळ्यात मालेगावच्या माझ्या मामेभावाला नाशकातल्या एका खाजगी इस्पितळात आणले. बायपास झाली. त्याचे चार माग होते, त्यातले दोन विकले. भाभीच्या बांगड्या गेल्या. आठवड्याने धुळ्याहून त्याच्या बहिणीचे सासरे बघायला आले आणि खुर्चीत टेकायच्या आधी त्यांनी विचारले, ‘कार्ड लगाया ना?’ कुणाला काही कळेना. केशरी शिधापत्रिका घरी होती, इस्पितळ योजनेत होते, आरोग्यमित्राचे टेबल खाली औषधांच्या दुकानाशेजारी होते. धुळ्याच्या गल्लीत एकाची अँजिओप्लास्टी त्या कार्डावर झाली, तेव्हापासून अख्ख्या गल्लीला ठाऊक होते. मालेगावच्या गल्लीत अजून कुणाची झाली नव्हती. मामेभाऊ नंतर म्हणाला, ‘राशन कार्ड पे गेहूँ मिलता है भाई, दिल थोड़ी मिलता है!’ हसून म्हणाला, पण विकलेले दोन माग परत घ्यायला त्याला सहा वर्षे लागली.

सर्वेक्षणातले ते वीस टक्के म्हणजे माझ्या लेखी हा मामेभाऊ. ईएसआयचे पैसे कापले जात, म्हणून अब्बांना ते आपले वाटले. बिरादरीच्या रुमालात नोट टाकताना हात दिसे. मेडिक्लेमचा हप्ता पासबुकात दिसतो. फुले योजनेत मात्र लोकांना काहीच करावे लागले नाही, आणि हाताने काही केले नाही ते आपले आहे हे माणसाला कुणी तरी येऊन सांगावे लागते. होर्डिंगवरचा हसरा फोटो ते सांगू शकत नाही. धुळ्याचे सासरे सांगू शकतात. आरोग्यमित्राचे टेबल औषधांच्या दुकानाशेजारी न ठेवता केसपेपर काढायच्या खिडकीला चिकटवले, तरी मालेगावचे कितीतरी माग वाचतील असे मला वाटते.

२०२३ साली राज्याने ही योजना शिधापत्रिकेचा रंग न पाहता सर्वांना लागू करायचे आणि मर्यादा पाच लाखांवर न्यायचे ठरवले. केंद्राची आयुष्मान भारत २०१८ पासून आहेच, आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, तिच्यात पाच लाखांचे संरक्षण मिळाले. देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आल्याचे सरकारी हिशेब सांगतात. ३९ म्हणजेही थोडे नव्हे. आणि हा पैसा बराचसा जातो तो बाहेरच्या तपासण्यांत आणि रोजच्या गोळ्यांत, ज्या या कार्डांवर मिळत नाहीत. कार्ड चालते ते दाखल झाल्यावर.

अब्बा आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचे सत्तरीवाल्यांचे कार्ड काढून आणले, तेव्हा त्यांनी ते चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिले.

‘हप्ता कोण भरतो?’

‘सरकार भरतं, अब्बा.’

‘सरकार कुठून भरतं?’

‘तुम्ही साबण घेता, चप्पल घेता, त्याच्यावरचा टॅक्स जातो ना.’

‘मग पावतीवर लिहायला पाहिजे,’ ते म्हणाले, ‘इतके कापले म्हणून.’

कार्ड त्यांनी पगाराच्या जुन्या स्लिपांच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवले आहे. रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला दूध बाजाराजवळच्या दुकानातून रोख पैसे देऊन आणतो.